गोलकीचा जबाब

मीच तो गोलकी.
लग्नात, मयताला, रेशनच्या रांगेत
माझी ओळख अशीच करून देतात:
‘जोत्या कडोलकर ज्याच्यासाठी थांबला, तो ह्यो.’
तीस वर्षं उद्यमबागेत साचे भरले,
दोन पोरींची लग्नं केली,
एका संपात चार रात्री आत जाऊन आलो.
त्यातलं काही धरत नाहीत.

दुसऱ्या गेटाजवळचं आमचं मैदान रुळांकडे उतरतं.
वरच्या अंगाला चिंच, खाली गटार,
आणि बरोबर मध्यावर
दर पावसात थोडा वर येणारा एक दगड.
पाहुणे संघ त्याला अडखळायचे.
जोत्या त्याच्याकडून पास घ्यायचा.
खोटं सांगत नाही:
चेंडू दगडावर हलकेच टाकायचा,
आपण दुसऱ्या बाजूनं निघून जायचा,
आणि चेंडू घरच्या कुत्र्यासारखा
मागून येऊन त्याच्या डाव्या पायाशी लागायचा.
कठड्यावर मग ‘होडी ले!’ आणि ‘हाण की गा!’
एकाच घशातून.
पाटी कुठल्या भाषेत, यावरून
सकाळी गचांडी धरलेले दोघं
एका पुडीतले शेंगदाणे खायचे.
शेंगदाणे संपले की पुन्हा भांडायचे, तेही खरं.

पेनल्टी तो कधी मारायचा नाही.
‘उभ्या माणसाला काय मारायचं?’

फायनल. शून्य-शून्य. चार मिनिटं राहिलेली.
हाशम मुजावर बसला, सालू डिमेलो फिरून
स्वतःच्याच पायात गुंतला,
मी पुढं आलो.
त्यानं कंबरेनं काहीतरी सांगितलं
आणि मी ते ऐकलं, हीच चूक.
तोंड चिखलात.
मान वळवली तर जोत्या गोलरेषेवर,
चेंडूवर पाय, मागं उघडी जाळी.
माझ्याकडे बघत उभा.
‘ऊठ की,’ म्हणाला.

उठलो. झडप घातली. चिंचेच्या दिशेनं
जीव खाऊन लाथ हाणली.
तिकडं आमच्या पुंडलिकाच्या गुडघ्याला लागून गोल झाला.
जिंकलो.
लोकांनी जोत्याला खांद्यावर घेतलं, गणपत गल्लीपर्यंत नेलं.
आम्ही अकरा जण कप धरून उभे,
फोटोवालाही तिकडेच गेलेला.

पुढच्या वर्षी गोव्याहून बोलावणं आलं.
वर्गणी काढून बूट घेतले, एक नंबर मोठे,
चोर्ल्याच्या बसपुढं नारळ फोडला.
नवव्या दिवशी हा परत.
कुणी म्हणालं दारू, कुणी म्हणालं आईची आठवण,
कुणी खानापूरच्या एका पोरीचं नावही घेतलं.
मला म्हणाला, ‘तिथलं मैदान सपाट होतं गा.
चेंडू सांगेल तिकडंच जायचा.’

आता मॅचमागं दोनशे रुपये घेऊन
तो मैदानावर चुन्याच्या रेषा मारतो.
दगड कॉन्ट्रॅक्टरनं कधीच उपटून नेला.
मधली रेषा तिथं अजून जराशी वाकते.
रेफ्री ओरडतात. पोरं वाकलेल्या जागी
बोट टेकवून कपाळाला लावतात.

कप माझ्या घरी आहे.
बायको शहापूरची, त्यात रेशमाच्या कांड्या ठेवते.

गेल्या उन्हाळ्यात चुन्याची बादली उचलू लागलो तेव्हा
शेवटी विचारलंच, का थांबलास?
गाव ज्याला मोठं मन म्हणतं,
दरवर्षी ज्याच्यावर भाषणं होतात, ते.
त्यानं हात पँटीला पुसले.
‘तुझ्या डोळ्यात चिखल गेलता.
गोल तू बघितला असतास का?
बाकीच्यांना काय कळतंय त्यातलं.
म्हटलं ऊठ, बघ, मग टाकतो.
तू लगेच धरशील असं वाटलं नव्हतं.’

हे मी गावात कुणाला सांगितलेलं नाही.
बादली फार जड होती.
त्या दिवसापासून रात्री कधीतरी
मी चिखलातून उठतो, डोळे पुसतो,
आणि चेंडूला हात लावत नाही.